पाण्याला नाही

आमच्या घरात भाकरी संपली असं सांगायला कुणाला लाज वाटत नसे, पण पाणी नाही असं सांगायला सक्त बंदी होती. आणि ही बंदी कुठे, तर त्या काळच्या मीरा रोडला, जिथं नळाच्या पाण्यापेक्षा पाहुणे जास्त वेळा यायचे. आम्ही सिल्व्हर पार्कात राहायला आलो तेव्हा बिल्डिंगला बाहेरून रंग लागायचा होता, जिन्याचा कठडा अर्धाच बसवलेला होता आणि गच्चीवरची टाकी टँकरच्या भरवशावर होती. टँकर आला की वॉचमन खाली पत्र्याच्या डब्यावर काठी वाजवायचा. मग पंपाची घुर्रघुर्र सुरू व्हायची आणि मजल्यामजल्यावरून पिंपं, बादल्या, कळशा सरकवल्याचे आवाज यायचे. माझी आई, जिला आम्ही गावाकडच्या पद्धतीने माय म्हणायचो, ती म्हणायची की गावात आपण विहिरीकडं जायचो, हितं विहीरच गाडीत बसून येती, एवढाच काय तो फरक. टँकर चुकला तर भांडी पुसून ठेवायची, आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायची, पण दाराबाहेरचा माठ भरलेला पाहिजे. हा माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता.

आबा मुंबईत एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवायचं काम. उलटी अक्षरं वाचायची त्यांना इतकी सवय होती की आमच्या प्रगतिपुस्तकातले आकडे ते टेबलाच्या पलीकडूनच वाचायचे आणि आमची पंचाईत व्हायची. घर मूळचं परभणीकडचं. आम्ही बौद्ध. आबांच्या लहानपणी गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कडेला घागर घेऊन उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. कुणाला आली नाही तर उन्हात उभं राहून परत यायचं. हे आबांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही दाढी करताना, आरशात बघत, आवाज जराही न बदलता. पुढं कधी तो विषय काढला नाही. पण मीरा रोडला स्वतःच्या मालकीचा दरवाजा मिळाल्यावर त्यांनी काय केलं, तर भाईंदरच्या बाजारातून एक मोठा माठ आणला, तिवईवर बसवला, वर झाकण आणि ओगराळं ठेवलं, आणि तो घराच्या आत न ठेवता बाहेर पॅसेजमध्ये ठेवला. गॅसवाला, पोस्टमन, राई गावाहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जिने चढणाऱ्या बायका, उत्तनची सुकट-बोंबीलवाली, सगळे त्या माठावर थांबायचे. कुणी दार वाजवून विचारायला लागलं की माय आतून ओरडायची, विचारता काय, प्या की.

फक्त एका घरातली माणसं त्या माठाचं पाणी प्यायची नाहीत, आणि ती आमच्या समोरच्याच दारात राहायची. पाटणकर. काका बँकेत होते, काकू घरीच. मुलगा परगावी शिकायला. माणसं चांगली होती, हे मी आजही म्हणेन. काकूंनी मला इंग्रजीच्या वाक्यांत क्रियापद कुठं ठेवायचं ते शिकवलं, माय आजारी पडली तेव्हा राजूला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, शाळेला सोडलं. दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहून मायशी तासभर बोलायच्या. माय भाकऱ्या थापत असली की म्हणायच्या, वहिनी, तुमच्या भाकरीचा आवाज ऐकला की मला भूक लागते. पण माय पाणी विचारायची तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं: आत्ताच पिऊन आले हो. कधी म्हणायच्या, मला बाहेरचं पाणी सोसत नाही. दोन्ही घरांत पाणी यायचं ते त्याच टँकरचं, त्याच टाकीतलं, एकाच पाइपातून. माय एवढंच म्हणायची की आपल्या घरात आल्यावर त्या पाण्याचं काय होतं कुणाला ठाऊक. पुढं पुढं तिनं विचारणं सोडून दिलं.

काका आणि आबा दर रविवारी सकाळी बुद्धिबळ खेळायचे. ते ना आमच्या घरात, ना त्यांच्या. मधल्या पॅसेजमध्ये एक स्टूल, दोन्ही बाजूंना आपापल्या घरातून आणलेल्या खुर्च्या. काकांचा चहा त्यांच्या दारातून यायचा, आबांचा आमच्या. डाव रंगला की दोघं एकमेकांना वाटेल ते बोलायचे, काका आबांना वाघमारेसाहेब म्हणून चिडवायचे, आबा त्यांना मॅनेजर म्हणायचे, जे ते नव्हते. इतकी वर्षं दोन माणसं इतक्या जवळ बसली आणि कुणीच कुणाचा उंबरा ओलांडला नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नव्हतं. आता वाटतं. तेव्हा वाटायचं की बुद्धिबळाला पॅसेजमधलाच वारा लागतो.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आम्हाला समाजसेवेचे तास भरावे लागायचे. झाडं लावायला जाणाऱ्या गटात जागा राहिली नाही, म्हणून मी प्रथमोपचाराच्या वर्गाला नाव दिलं. इतकं साधं कारण होतं. वर्ग भाईंदर पश्चिमेला एका शाळेत भरायचा आणि शिकवायला मार्थाबाई यायच्या. त्या उत्तनच्या, मोठ्या इस्पितळात सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. पांढरी शुभ्र साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं अस्सल उत्तनचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की भाजलं तर काय कराल. वर्गातून उत्तरं आली: टूथपेस्ट, शाई, हळद, बटाट्याचा कीस, कणीक. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, भजी तळाची हाय का? मग भाजलेल्या जागेवर नुसतं गार पाणी किती वेळ ओतत राहायचं ते शिकवलं. रक्त वाहत असेल तर कापसाचे बोळे बदलत बसायचं नाही, स्वच्छ फडकं ठेवून तळव्यानं दाबून धरायचं, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हाड मोडलं असेल तर ओढून सरळ करायचं नाही, जसं आहे तसं बांधायचं. त्यांच्याकडून मी त्रिकोणी पट्टी बांधायला शिकले आणि मग महिनाभर राजूचा एकही अवयव मी मोकळा ठेवला नाही. काका मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. माय म्हणायची, आता खरोखरचं कुणी पडल्याबिगर हिला चैन पडायचं न्हाई.

मार्थाबाई ज्या एका गोष्टीवर पुनःपुन्हा यायच्या ती पाण्याची. माणूस बेशुद्ध पडला तर पहिल्यांदा काय कराल, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, पाणी देऊ. बाई कपाळावर हात मारायच्या. "बेशुद मानसाला तोंडान काय न्हाय घालाचा," त्या म्हणायच्या. "पानी न्हाय, चाय न्हाय, तीर्थ पन न्हाय." त्याला गिळता येत नाही, पाणी श्वासाच्या वाटेनं आत जातं आणि माणूस घोटभर पाण्यानं जातो. फीट आलेल्या माणसाचंही तेच. आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, दातांत काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. मग त्यांनी घरघर शब्दाबद्दल सांगितलं. आपल्याकडे घरघर लागली म्हटलं की लोक रडायला लागतात, नातेवाइकांना बोलवा म्हणतात, तोंडात शेवटचं पाणी घालायला धावतात. बाई म्हणाल्या, घरघर म्हंजे मरनच असतंय असा न्हाय. जीब मागं पडतं, तोंडान लाल साचतं, वाट अडतं. कुशीवर घ्या, वाट मोकली होल. हे मी वहीत लिहूनही घेतलं नव्हतं. त्या वेळी ते मला परीक्षेत विचारण्यासारखं वाटलं नाही.

पुढं मी शाळेत शिक्षिका झाले आणि नववीच्या मुलांना दर वर्षी हे सगळं शिकवलं. आजही कुठल्याही सोसायटीत मी गेले आणि तोच प्रश्न विचारला तर तेच उत्तर येतं. मोबाइलवर सगळी माहिती असलेली माणसं पाणी देऊ म्हणतात. मी त्यांना हसत नाही. पाणी देणं हा आपल्याकडे उपचार नसतो, ते माणूस असल्याचं लक्षण असतं, आणि हातात काही नसलेला माणूस दुसरं काय देणार. हे मला कुठल्या वर्गात कळलं नाही. आमच्या पॅसेजमध्ये कळलं.

कॉलेजच्या त्याच वर्षातला एक रविवार होता. आत माय भाकऱ्या थापत होती, येसराच्या आमटीचा वास पॅसेजपर्यंत आला होता आणि टीव्हीवर कसलीशी मालिका लागली होती, जी राजू सोडून कुणी बघत नव्हतं. मी दारात बसून मेथी निवडत होते. काकांच्या हातात घोडा होता. तो त्यांनी उचलला आणि खाली ठेवलाच नाही. आबांना वाटलं विचार करताहेत. मॅनेजर, घोडा दाणे मागायला लागला, असं आबा म्हणाले. काका काहीच बोलले नाहीत. त्यांचं तोंड एका बाजूला वळलं, अंग ताठ झालं, आणि खुर्चीवरून ते सरळ खाली आले. स्टूल उलटलं आणि पटावरची प्यादी जिन्यावरून टकटक उड्या मारत खाली गेली. मग हातपाय झटके द्यायला लागले.

मला त्या वेळी कसं वाटलं ते विचारतात. काही वाटलं नाही. मी खुर्ची ओढली, तिवई माठासकट मागं सरकवायला आबांना सांगितलं, राजूच्या अंगावरचा टॉवेल घेऊन काकांच्या डोक्याखाली घातला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. वरून-खालून माणसं धावत आली. खालचे शहा म्हणाले, कांदा सुंघाओ. वॉचमन म्हणाला, चमड़े का जूता चाहिए, आणि चामड्याची चप्पल कुणाकडे आहे याची शोधाशोध सुरू झाली, पण त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्याच पायात रबर होतं. कुणीतरी मुठीत किल्ल्या कोंबत होतं, कुणीतरी स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आलं होतं. मी प्रत्येकाला नको, नको म्हणत होते आणि आश्चर्य म्हणजे लोक ऐकत होते. महिनाभर राजूचे हातपाय बांधल्याचा हा फायदा. पाटणकर काकू ओल्या हातांनी दाराशी आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

झटके थांबले. काकांचं अंग सैल पडलं, आणि घरघर सुरू झाली.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी हात जोडले. मी राजूला म्हटलं, पाय धर, कुशीवर घेऊ, पण तेवढ्यात काकू चौकट सोडून पुढं आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी काकांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, तोंड वर करून. घरघर वाढली. काकांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. काकूंनी वर बघितलं. आबा माठाला टेकूनच उभे होते. काकूंनी हात पुढं केला.

"वाघमारे, पाणी द्या."

इतक्या वर्षांत त्या घरातून आमच्याकडे आलेली ही पहिली मागणी. आबांनी झाकण काढलेलंच होतं. ओगराळं बुडवून त्यांनी पेला भरला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते मी बघितलं आहे. खूप काळ दार बंद असलेल्या घरातून कुणी हाक मारावी तसं काहीतरी होतं. ते पेला घेऊन वाकले, आणि मी मध्ये हात घातला.

"आबा, पाणी नाही द्यायचं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना कळलं नाही. मग काहीतरी कळलं, पण ते मी म्हणत होते ते नव्हतं. त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"बेबी, जे काय असेल ते तू मला नंतर बोल. हवं ते बोल. आत्ता त्यांच्या तोंडात पाणी पडू दे."

मला एकदम अर्थ लागला नाही. मग लागला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आत्ताच पिऊन आले, बाहेरचं सोसत नाही, हे सगळं त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. आणि आता त्यांना वाटत होतं की मी त्याचा हिशेब या वेळेला चुकता करते आहे. मला रडू आलं असतं तर ते त्या वाक्यानं. मी तेव्हा फक्त मार्थाबाईंचा विचार करत होते. पण पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या माणसांपैकी किती जणांनी काकूंसारखाच विचार केला असेल ते मला आजही माहीत नाही. समजा काका तिथंच गेले असते, तर ते फीटनं गेले असं कुणी म्हणालं नसतं. वाघमाऱ्यांच्या पोरीनं मरत्या माणसाला पाणी दिलं नाही, असंच म्हणाले असते, आणि ते आबांच्या नावावर कायमचं लागलं असतं. मला हे सगळं त्या एका क्षणात दिसलं, आणि तरी हात मागं घेता येईना.

आबा अजून वाकलेलेच होते. एरवी ते आमच्याशी छापखान्यातल्यासारखं शुद्ध बोलायचे. त्या वेळी गावची भाषा तोंडात आली.

"सरक बेबी. पाणी हाय ते. इख न्हाई."

"गिळता येत नाहीये त्यांना. छातीत जाईल, आबा. मग नाही वाचणार."

"बाईनं सांगितलंय?"

"हो."

"पक्कं?"

मला कशाचीच खात्री नव्हती. मार्थाबाईंच्या वर्गात मी फक्त लोडाला कुशीवर वळवलं होतं. पण मी पक्कं म्हणाले.

आबा सरळ उभे राहिले. पेला त्यांनी मागं, भिंतीशी ठेवला. काकू एका हातानं काकांचं डोकं धरून दुसरा हात माठाकडे लांबवत होत्या, आणि आबा त्यांच्या आणि माठाच्या मध्ये आले.

"वहिनी," ते म्हणाले, "पाणी मिळणार नाही."

ते ओरडले नाहीत. पण काकूंचा हात जिथं होता तिथंच थांबला. तेवढ्या वेळात मी आणि राजूनं काकांना त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं, वरचा गुडघा दुमडला, हात गालाखाली घातला आणि हनुवटी थोडी वर करून त्यांना कुशीवर वळवलं. तोंडातून फेस आणि लाळ फरशीवर आली, त्यात रक्तही होतं, कारण जीभ चावली गेली होती. मग श्वास आला. एक लांब, घोरल्यासारखा, मग दुसरा. घरघर कमी कमी होत गेली आणि ओठांचा रंग पालटला. मी काकूंना म्हटलं, पाठीवर हात ठेवा, त्यांना असंच राहू द्या. त्यांनी ठेवला.

शहांच्या फियाटमधून काकांना नर्सिंग होममध्ये नेलं. खुर्चीत बसवून जिन्यातून उतरवताना ते जागे होत होते आणि माझा घोडा कुठाय असं विचारत होते. सोबत काकू आणि माय गेल्या. मायनं निघताना माठातून बाटली भरून घेतली, कारण पाण्याशिवाय घराबाहेर पडायचं तिला माहीतच नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की किसी ने मुँह में कुछ डाला तो नहीं? काकूंनी मान हलवली. अच्छा किया, डॉक्टर म्हणाले, पानी डालते तो फेफड़ों में जाता, फिर बड़ी मुश्किल होती. हे मायनं आम्हाला घरी येऊन सांगितलं. त्याच्याच जोडीला तिनं हेही सांगितलं की बाकावर बसल्या बसल्या काकूंनी तिच्या हातातली बाटली घेतली आणि सगळी संपवली. राजू म्हणाला, म्हणजे आपलं पाणी प्यायल्या? माय पीठ मळत होती. "तान लागली व्हती तिला," ती म्हणाली, "दुसरं काय."

काकांच्या डोक्याचे फोटो मुंबईत काढले, गोळ्या सुरू झाल्या आणि ते पुन्हा बँकेत जायला लागले. त्यांना त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. डावात आपण जिंकत होतो एवढं मात्र ते छातीठोकपणे सांगायचे. काकू पुढं आमच्याकडे पाणी प्यायल्या का, असं मला विचारतात, विशेषतः माझ्या सुना विचारतात. कधी प्यायच्या, कधी नाही. जी सवय माणसाच्या जन्माआधीपासूनची असते ती एका रविवारी जात नाही. पण आत्ताच पिऊन आले, हे त्यांनी नंतर कधी म्हटलं नाही. नको असलं तर नको म्हणायच्या. मला स्वतःला त्यांनी एकदा जिन्यात थांबवलं आणि त्या दिवशी मी तुला असं कसं बोलले म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही काही वावगं बोलला नाहीत. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला खाली झेंडावंदन झालं आणि मग नेहमीप्रमाणे जिलेबी वाटता वाटता चेअरमननी चार शब्द बोलायला लावले. पाटणकर काकू एरवी कधी माइकला हात लावायच्या नाहीत. त्या दिवशी त्या उठल्या. त्यांनी सगळ्या बिल्डिंगसमोर माझं नाव घेतलं, आबांचं घेतलं, आणि भरल्या आवाजात म्हणाल्या, "या बापलेकींनी त्या दिवशी यांना पाण्याचा थेंबसुद्धा दिला नाही, म्हणून हे आज तुमच्यात उभे आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला संकोचही वाटला आणि आनंदही झाला. मी आबांकडे बघितलं तर ते त्यांच्या जागेवर नव्हते.

ते वर गच्चीत होते. टाकीच्या सावलीत उभे राहून मिठागरांकडे बघत होते, हातात जिलेबीचा कागद तसाच. मी म्हटलं, आबा, सगळे तुमचं कौतुक करताहेत आणि तुम्ही इथं. ते म्हणाले, ऐकलं मी, छान बोलल्या. मग पुन्हा मिठागरांकडे वळले. मला वाटलं संपलं. मी निघणार तेवढ्यात ते म्हणाले की मला वाटलं होतं, जन्मात ‘पाणी मिळणार नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. निघालं तर अडखळेल तरी. पण कसं सरळ निघालं. एक खिळासुद्धा चुकला नाही.

"पण तुम्ही त्यांना वाचवायला तसं म्हणालात ना, आबा," मी म्हणाले. "नाही म्हणाला नसतात तर काका आज नसते."

"ते तुला माहीत होतं. मला माहीत होतं," आबा म्हणाले. "त्या बाईला माहीत नव्हतं, बेबी. तिला नुसतं नाही ऐकू आलं. ते कसं ऐकू येतं, ते मला ठाऊक आहे."

खाली माइकवर कुणीतरी जिलेबी घ्यायला या म्हणून ओरडत होतं. आबांनी हातातला कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, तू हो पुढं, मी येतो. मी जिना उतरून पॅसेजपर्यंत आले आणि तिथं काकू भेटल्या. वर आबा आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या जरा थांबल्या, आणि मग पदर सावरून गच्चीचा जिना चढायला लागल्या. त्या दोघांचं वर काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.